तुम्ही विचारलंत म्हणून: तोच सिनेमा पुन्हा कशाला?

दर नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या रांगेत कुणीतरी हा प्रश्न टाकतंच. २००४ पासून महोत्सव पणजीत भरतो, त्यामुळे पुण्या-मुंबईचे स्नेही हक्काने उतरतात. दिवसभर देशोदेशीचे सिनेमे बघून झाले की रात्री माशांच्या थाळीवर सुरू होतं: "तुम्ही एवढे सिनेमावाले, आणि रिमेक लागला की पहिल्या आठवड्यात जाता? मुळात हे रिमेक आणि दुसरे-तिसरे भाग काढावेत तरी का?"

काढावेत. फक्त आपले निर्माते भलत्याच सिनेमांना हात घालतात. जो सिनेमा धो-धो चालला, त्याचाच रिमेक करायला धावतात. ज्याची कल्पना झकास होती पण जमलं नाही, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तेच पुन्हा बघण्याचा मला मुळात राग नाही. तो गोव्याच्या माणसाला येऊच नये. आमच्याकडे जत्रेला, काल्याला गावची पोरं मराठी नाटक बसवतात, आणि बसवून बसवून बसवतात काय, तर अनेकदा आजोबांनी केलेलंच. 'सौभद्र' १८८२ सालचं. देवळासमोर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यातली पदं तोंडपाठ असतात. सुभद्रा कुणाच्या गळ्यात माळ घालणार याची कुणालाच चिंता नसते, चौकशी असते ती "अवंदू (यंदा) कृष्ण कोण करता?" एवढीच. मग 'प्रिये पहा' सुरू झालं की मंडपातल्या पानसुपारीच्या गप्पा थांबतात. पेटीवाला किंचित पुढे वाकतो, मागच्या रांगेतला कुणीतरी डोळे मिटून मांडीवर ताल धरतो, आणि नव्या पोराने वरच्या सुरावर जरा जास्त वेळ काढला की "व्हडलो जाणकार!" असा शेराही ऐकू येतो. म्हणजे गोष्ट तीच असण्याला हरकत नाही. नवा माणूस तिच्यात काय घालतो ते आम्हाला बघायचं असतं.

सिनेमात याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 'अशी ही बनवाबनवी'. १९६६ साली हृषिकेश मुखर्जींनी 'बीवी और मकान' काढला होता, तोही एका बंगाली सिनेमावरून. भाड्याची खोली मिळेना म्हणून दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं, हा गमतीचा कणा त्यातलाच. दिग्दर्शक एवढा मोठा, संगीत हेमंतकुमारांचं, तरी आज तो किती जणांच्या लक्षात आहे? तोच कणा १९८८ मध्ये सचिन पिळगांवकरांच्या हाती आला, वसंत सबनीसांची लेखणी मिळाली आणि 'सत्तर रुपये वारले' घराघरात गेलं. सबनीसांनी त्या घरमालकाला असा काही मराठी चिक्कूपणा दिला की गोष्ट दुसऱ्या भाषेतून आली हे सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगितलं तरी लोकांचा विश्वास बसत नाही, असा माझा अनुभव आहे. फसलेल्यातून घेतलं की असं मोकळं होता येतं. मूळ सिनेमाचे भक्त कोपऱ्यात दगड घेऊन उभे नसतात.

बरं, गोवा हा रिमेकवाल्यांचा आवडता मुक्काम. १९७२ चा 'बॉम्बे टू गोवा' हा तमिळ 'मद्रास टू पाँडिचेरी'वरून केलेला. बसचा रस्ता तेवढा बदलला. (आज काढला तर महामार्गाच्या कामांमुळे तीन भाग सहज होतील.) 'सिंघम'सुद्धा तमिळच, हिंदीत येताना तो गोव्याच्या सीमेवर येऊन बसला आणि त्यातला खलनायक जयकांत शिकरे आमच्या माथी आला.

पण गोष्ट इथे आणून तिचं काहीतरी भलं झालं, असं मला 'दृश्यम'बद्दलच म्हणावंसं वाटतं. जीतू जोसेफ यांचा मल्याळम सिनेमा २०१३ चा, निशिकांत कामतांचा हिंदी २०१५ चा. जॉर्जकुट्टीचा विजय साळगांवकर झाला, हवालदार सहदेवनचा गायतोंडे, आणि ख्रिस्ती ध्यानशिबिराच्या जागी पणजीतला सत्संग आला. पोंडोलेम हे गाव नकाशावर शोधू नका, ते कल्पित आहे. साळगांवकरांच्या घरातली हिंदी मला शेवटपर्यंत परकीच वाटली, तेही सांगून टाकतो. तरी गोष्ट इथे रुजते. घरच्यांच्या हातून झालेला एका मुलाचा खून लपवताना विजयची सगळी मदार कशावर आहे? बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरातला माणूस यांच्या आठवणीवर. कोण कुठल्या बसने गेलं, कुणाबरोबर गेलं, हे आमच्या गावात विचारावं लागत नाही, न विचारता सांगतात. त्या चौकस स्वभावाचाच तो पुरावा करून घेतो. हा डाव महानगरात टाकला असता तर साक्षीदारच सापडले नसते.

याच्या उलट 'धडक'. 'सैराट'मधली आर्ची पाटलाची आणि परशा मासेमारी करणाऱ्याचा पोरगा. सगळी आग त्या अंतरात. २०१८ मध्ये गोष्ट उदयपूरला नेली, पोराच्या बापाला हॉटेल काढून दिलं आणि जात एवढी पातळ केली की वैर नेमकं कशाचं ते शोधत बसावं लागतं. 'झिंगाट' मात्र आठवणीने नेलं. शेवटी रक्ताने माखलेल्या पावलांनी चालत जाणारं ते पोर आणि तो नि:शब्दपणा नेता येईना, म्हणून शेवटही बदलला. गंमत म्हणजे २०२५ चा 'धडक २' हा नावाला दुसरा भाग, प्रत्यक्षात तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'चा रिमेक. आणि पहिल्याने टाळलेली जात त्यात समोरासमोर आली.

राहिले दुसरे भाग. तिथे माझं म्हणणं सोपं आहे: पहिल्या भागात काही देणं बाकी राहिलं होतं का? 'लगे रहो मुन्नाभाई'ला ते बंधन नव्हतं, पात्रं तीच ठेवून गोष्टच नवी घेतली. 'नवरा माझा नवसाचा' २००४ मध्ये एसटीतून गेला, २०२४ मध्ये कोकण रेल्वेने. प्रवास सुखाचा, पण देणं काही नव्हतं. 'दृश्यम'चं होतं. प्रेत पोलीस ठाण्याच्याच खाली पुरलंय म्हटल्यावर प्रेक्षक घरी जाऊन निवांत झोपणार कसा? दुसऱ्या भागात जोसेफ यांनी आधी त्या घराची अवस्था दाखवली. मोठ्या मुलीला झटके येतात, दारात पोलिसांची गाडी दिसली तरी सगळ्यांचा श्वास अडकतो, आणि केबलवाला जॉर्जकुट्टी आता थिएटरचा मालक होऊन सिनेमा काढायला निघालाय. गुन्हा पचला, पण घराला बाधलाच. हे पहिल्या भागात मावलं नसतं.

आता तिसऱ्याची घोषणा झाली आहे. दुसऱ्याच्या शेवटी मारल्या गेलेल्या मुलाच्या अस्थी त्याच्या आईबापांच्या हाती पडल्या. माझ्या हिशेबात तिथे खातं मिटलं. जोसेफ यांना अजून कुठली बाकी दिसतेय, ते कळायला तिकीट काढावंच लागेल. तुम्ही तेव्हा गोव्यात असलात तर फोन करा, दोन काढून ठेवतो.