हंड्यातला माणूस

"गेला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष खरं तर वातींकडे होतं, पण माझ्या तोंडून निघालेल्या 'स्स'वरून त्यांना बरोबर कळतं. लॅपटॉपच्या पडद्यावर माझा माणूस अजून पडतच होता. आधी त्या भल्यामोठ्या संत्र्यावरून, मग पायऱ्यांवरून, मग चिंचोळ्या खाचेतून, खडकांवर ठणठण आपटत थेट वाळक्या झाडाच्या बुंध्याशी. दिवाळीत मी जिथून सुरुवात केली होती, तिथे.

हे दुखणं माझ्या भाच्याने लावून दिलं. सुट्टीला आला होता. "मावशी, तू फार शांत समजतेस ना स्वतःला? मग हे खेळून दाखव," म्हणाला, लॅपटॉपवर खेळ टाकला आणि भाऊबीज झाल्यावर निघून गेला. खेळाचं नाव 'गेटिंग ओव्हर इट'. 2017 साली आला, बेनेट फॉडी नावाच्या माणसाने केला. हा गृहस्थ तत्त्वज्ञान शिकलेला, मधे एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्याआधी 2008 मध्ये त्याने 'क्वॉप' नावाचा खेळ काढला होता. त्यात धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या चार वेगवेगळ्या बटणांनी हलवायच्या, म्हणजे बहुतेक वेळा तोंडावर आपटायचं. या खेळाच्या जाहिरातीत तर त्याने सरळ लिहूनच टाकलंय, की हा विशिष्ट प्रकारच्या माणसांसाठी केलाय, त्यांना दुखवायला. म्हणजे फसवणुकीची तक्रारही करता येत नाही.

खेळात एक टकला, उघडाबंब माणूस कमरेपर्यंत काळ्या हंड्यात रुतलेला आहे. नाव डायोजिनिस, रांजणात राहणाऱ्या त्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचं. त्याच्या हातात लांब दांड्याचा घण. आपल्या हातात फक्त माउस, बटणंसुद्धा दाबायची नाहीत. घण कड्यापलीकडे अडकवायचा, माउस सावकाश खाली ओढायचा, की हंडा वर उचलला जातो. जमिनीवर फटकन रेटला की हंडा उडी मारतो. एवढं करत डोंगर चढायचा. सराईत मंडळी तो दोन मिनिटांच्या आत चढतात म्हणे. मला पहिलं वाळकं झाड ओलांडायला दोन रात्री लागल्या. पुढची ती चिंचोळी खाच, आपले गिर्यारोहक जिला चिमणी म्हणतात तशी, तिने अकरा रात्री खाल्ल्या.

लाईफ म्हणजे जादा जीव नाहीत, पडल्यावर मधूनच पुन्हा सुरू करायला चेकपॉइंट नाहीत. खेळ आपोआप सेव्ह होत राहतो हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. पण तो आपलं पडणंही तितक्याच इमानाने सेव्ह करतो. चिडून लॅपटॉप मिटा, दुसऱ्या दिवशी उघडा. महाशय बुंध्याशी आपले वर बघत बसलेले. आणि पडल्यापडल्या स्वतः फॉडी बोलायला लागतो. मवाळ, समजूतदार आवाजात अपयशावरची थोरामोठ्यांची वचनं ऐकवतो. नाहीतर घासलेल्या तबकडीवरचं एखादं जुनं अमेरिकी रडगाणं लावतो. दहाव्याला येऊन "जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणणारे नातेवाईक असतात ना, अगदी तस्सं. त्या आवाजाचा मला डोंगरापेक्षा जास्त राग येतो.

रागावर उपाय करून पाहिले. दहा अंक मोजणं: सातव्याला माउस हातात. पाणी पिणं: नुसतं पोट भरतं. शिव्या देणं: घरात दहावीतला मुलगा अभ्यासाला बसलेला, आणि तो नेमक्या त्याच वेळी कान देऊन असतो. नवरा म्हणाला, "मग खेळूच नकोस ना!" हा सल्ला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तो एकच देतो.

आता यात इतकं चिडण्यासारखं काय, हा प्रश्न मलाही पडतो. दिवसभरात माझा राग कमी वेळा उसळत नाही. पण ऑफिसात सर्व्हर झोपतो, रिक्षावाला मान हलवून निघून जातो, वरच्या मजल्यावरचे बारा वाजता टेबल सरकवतात. प्रत्येक रागाला कुणीतरी धनी मिळतो. लहानपणी मी आणि दादा टीव्हीला जोडून 'कॉन्ट्रा' खेळायचो, तेव्हाही मिळायचा. त्यात धबधब्याचा टप्पा आहे. एकजण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला फुकट मरतो. दादा हटकून पुढे पळायचा, मी हटकून मरायचे आणि मग खरी मारामारी सतरंजीवर व्हायची. सापशिडीत शिव्या खायला निदान फासा असतो. इथे फासा नाही, दादा नाही. डोंगर जागचा हलत नाही, घणही कालचाच. माझ्या मनगटाला अर्धा इंच घाई झाली, एवढंच घडलेलं असतं. हा राग कुणाच्या नावावर टाकू? तो तसाच दातांत आणि उजव्या खांद्यात राहतो.

तर त्या रात्री संत्र्यावरून पडल्यावर मी माउस जरा जोरातच आपटला. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि काही न बोलता कापसाचं ताट माझ्याकडे सरकवलं. त्यांनी लक्ष वातींचा संकल्प सोडलाय. एक लाख फुलवाती, रोज रात्री तासभर.

फुलवात मला येते असं मी वीस वर्षं समजत होते. सरकी काढून पिंजलेल्या कापसाची चिमूट घ्यायची, मधे फुगीर ठेवून कडा वर गोळा करायच्या, बोटाला दुधाचा थेंब लावून शेंडा पिळायचा. रागावलेल्या बोटांना हे होत नाही. पहिल्या वातीचा शेंडा तुटून हातात आला. दुसरीला इतका पीळ दिला की तिची पार तार झाली.

"अगं, फाशी द्यायचीय का तिला? हळू."

हळू केलं. पाचवी उभी राहिली. नववी-दहावी त्यांच्या वातींच्या रांगेत खपून गेली. खांदा कधी खाली आला ते कळलं नाही. बाराव्या वातीनंतर लॅपटॉप पुन्हा उघडला आणि ती चिमणी एका दमात पार केली. कापसाचा गुण की निव्वळ योगायोग, कोण जाणे.

तेव्हापासून आमचा नियम ठरलाय: एक पडणं, बारा वाती. परवा मी प्रथमच संत्र्याच्या पुष्कळ वर गेले. तिथे एक साप लोंबतोय आणि चक्क पाटी लावलीय, 'सापावर बसू नये'. मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या एकदम पुढे सरकल्या. सापशिडीचा मूळ मोक्षपट ज्ञानेश्वरांचा म्हणतात, त्यामुळे या खेळाला त्यांच्या लेखी अचानक वजन आलं.

"म्हणजे हा 98 वरचा साप. उजवीकडे जाऊच नकोस."

"नाही जात."

"अगं, तो हातोडा आवर!"

माझ्या घणाने तिथेच लटकणाऱ्या बादलीऐवजी साप धरला. पाटीवर लिहिल्याप्रमाणे सगळं झालं. हंडा सापाच्या अंगावरून सर्रकन घसरला आणि पुढे बराच वेळ नुसतं आकाश दिसत होतं. मग वाळकं झाड. फॉडी काहीतरी समजुतीचं बोलू लागला, तेवढ्यात सासूबाईंनी हात लांब करून आवाज बंद केला.

"याचं काय ऐकायचं मेल्याचं," म्हणाल्या. मग ताटातला कापूस बोटांनी चाचपून पाहिला. "उद्या येताना आणखी पाव किलो आण. या सापापायी पुरायचा नाही."