कंपनीच्या गाडीला धक्का लागला, एक्सेस कोणी भरायचा? माझा अनुभव

कंपनीची गाडी रिव्हर्स घेताना मागचा बंपर खांबावर आपटला. चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिनचा मेल आला: विम्याच्या एक्सेसची पूर्ण रक्कम या महिन्याच्या पगारातून कापली जाईल. शेवटी मी पैसे भरले, पण त्या आकड्यापेक्षा बरेच कमी. ते कसे कमी झाले, तेवढंच इथे लिहितो.

एक्सेस (काही पॉलिसींत त्याला डिडक्टिबल म्हणतात) म्हणजे प्रत्येक क्लेममधला विमाधारकाने स्वतः सोसायचा भाग. कंपनीच्या गाडीच्या पॉलिसीवर विमाधारक म्हणून नाव कंपनीचं असतं, चालवणाऱ्याचं नाही. त्यामुळे विमा कंपनीच्या लेखी हा भाग कंपनीने सोसायचा. तो पुढे कर्मचाऱ्याकडून घ्यायचा असेल, तर त्याचा आधार नोकरीच्या करारात किंवा गाडी वापराच्या नियमावलीत असावा लागतो. ‘पॉलिसीत एक्सेस आहे, म्हणून तुम्ही भरा’ हे उत्तर अपुरं आहे, आणि मला पहिल्यांदा तेच मिळालं.

मी फोनवर न बोलता मेल करून चार कागद मागितले: माझ्या सहीची नियमावली, पॉलिसीचं शेड्यूल (पॉलिसीचा तपशील असलेला कागद), गॅरेजचं अंतिम बिल आणि गाडी ताब्यात दिली तेव्हाचा तपासणी फॉर्म. कागद येईपर्यंत वजावट थांबवावी, असंही त्याच मेलमध्ये लिहिलं. घटनेची माहिती मात्र त्याच दिवशी, फोटोंसह देऊन ठेवली होती. ती उशिरा दिली तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि मग वाद एक्सेसपुरता न राहता संपूर्ण दुरुस्तीच्या खर्चाचा होतो.

नियमावलीत आधी सहीची तारीख पाहायची. बऱ्याच देशांत नुकसानीपोटी पगार कापायला कर्मचाऱ्याची लेखी संमती लागते, आणि काही ठिकाणी ती घटनेच्या आधीचीच असावी लागते. म्हणून अपघातानंतर पुढे केलेल्या ‘फक्त एक सही द्या’ फॉर्मवर लगेच सही करू नका. मग शब्द वाचायचे. ‘निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान’ आणि ‘कोणतंही नुकसान’ यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात निष्काळजीपणा दाखवून देणं कंपनीचं काम; उभ्या गाडीला कोणी ठोकून गेलं, तर ते कलम लागू होत नाही. माझ्या नियमावलीत पहिला प्रकार होता, सही जुनी होती. म्हणजे देणं लागत होतो. प्रश्न उरला रकमेचा.

इथे खरं काम बिलाने केलं. दुरुस्ती एक्सेसपेक्षा स्वस्त निघाली, तर क्लेम होतच नाही; विमा कंपनीकडून काही मिळणार नसतं. समजा एक्सेस 500 आहे आणि बिल 320, तर कंपनीचं नुकसान 320 झालं. तरी 500 मागणं म्हणजे झालेल्या नुकसानापेक्षा जास्त वसूल करणं. त्या 320 मधला कर कंपनीला परत मिळत असेल, तर तोही वजा व्हायला हवा. शिवाय बिलात डाव्या दाराचं पेंटिंग धरलं होतं. तो ओरखडा ताबा फॉर्मवर आधीपासून नोंदलेला होता, त्यामुळे ती ओळ वगळली गेली. तो फॉर्म नसता तर हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून गाडी घेताना चारही बाजूंचे फोटो काढाच.

शेड्यूलमध्ये एक्सेस सक्तीचा किती आणि ऐच्छिक किती, हे वेगळं लिहिलेलं असतं. ऐच्छिक भाग कंपनी विम्याचा हप्ता कमी बसावा म्हणून स्वतः निवडते. तो कर्मचाऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तसं मांडल्यावर कंपन्या काही वेळा ऐकतात. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्यास विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) गेल्याचा खर्चही कोणी जोडला, तर तो कोणत्या कलमाखाली, हे विचारा. एक गोष्ट सहसा सुटते: वेगवेगळ्या वेळी झालेलं नुकसान एकत्र दुरुस्तीला दिलं, तरी विमा कंपनी प्रत्येक घटनेचा वेगळा क्लेम धरते आणि एक्सेस तितक्या वेळा लागतो.

चूक समोरच्या गाडीची असेल, तर एक्सेस त्याच्याकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मागता येतो. तो दावा कंपनी करणार आहे का, आणि पैसे आल्यावर तुमची वजावट परत मिळणार का, हे लेखी घ्या.

माझी रक्कम ठरल्यावर दोन हप्ते मागितले, ते मिळाले. पगारपत्रकात ‘इतर वजावट’ऐवजी घटनेची तारीख आणि बिल क्रमांक लिहून घेतला. नोकरी सोडताना अंतिम हिशोबात तीच रक्कम दुसऱ्यांदा लागली, तर दाखवायला तेवढी ओळ लागते.