भारत मंडपम आणि नोव्हेंबरचा व्यापार मेळा: तिकीट, गेट आणि पायपीट

दिल्लीतील भारत मंडपम पाहण्याचा बेत आखणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. छायाचित्रांत दिसणारी ती शंखाच्या आकारावर बेतलेली भव्य इमारत तिकीट काढून आतून पाहावी असे प्रेक्षणीय स्थळ नाही. ते परिषदांचे आणि प्रदर्शनांचे केंद्र आहे. आत परिषद असेल तर ती निमंत्रितांसाठी असते, आणि प्रदर्शन असेल तेव्हा सर्वसामान्यांसाठी उघडी असतात ती आजूबाजूची दालने. आमची सहल ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी पत्रकावर ‘भारत मंडपम दर्शन, प्रवेशशुल्कासह’ असे छापले होते आणि त्याखाली सप्टेंबर २०२३ मधील जी-२० शिखर परिषदेचे छायाचित्र टाकले होते. प्रत्यक्षात त्यांनी आम्हाला धाडले ते भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्याला. मेळा चांगला आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु जे दाखवून पैसे घेतले आणि जे पाहायला मिळाले, त्यांत पुष्कळ अंतर होते.

हा मेळा दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर या काळात भरतो. त्यातील सुरुवातीचे दिवस व्यापाऱ्यांसाठी राखलेले असतात आणि त्यानंतरचे सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी. तिकिटाच्या दरात या दोन गटांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०२४ साली व्यापारी दिवसांचे तिकीट प्रौढांसाठी ५०० रुपये होते, तर सर्वसाधारण दिवसांत ते आठवड्याच्या मधल्या वारी ८० रुपये आणि शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी १५० रुपये होते. सर्वसाधारण दिवसांत ज्येष्ठ नागरिकांना वयाचा पुरावा दाखवून विनामूल्य प्रवेश मिळतो. आम्ही गेलो तो सर्वसाधारण दिवस होता, वार गुरुवार होता आणि बरोबर सत्तरी ओलांडलेले मामा होते. तरीही आमच्याकडून माणशी ५०० रुपये घेतलेले होते आणि त्यात मामाही मोजलेले होते. सहलीच्या हिशेबात ‘प्रवेशशुल्क’ असा एकच ठोक आकडा दिसला, तर त्याची फोड मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

त्याहून वाईट प्रकार पुढे झाला. पैसे घेतले होते, पण तिकिटे काढलेलीच नव्हती. ‘गेटवर खिडकी आहे, आमचा माणूस तिथे भेटेल,’ असे फोनवर सांगण्यात आले. मेळ्याच्या गेटवर तिकीटविक्री होत नाही. तिकिटे मेट्रोच्या ठरावीक स्थानकांवर आणि ऑनलाइन मिळतात, आणि यातली खरी मेख अशी की, मेळ्याला सर्वांत जवळचे जे सुप्रीम कोर्ट स्थानक, नेमके तेच त्या ठरावीक स्थानकांच्या यादीत नसते. म्हणजे तिकीट न काढता तिथे उतरलेल्या माणसाला एक तर उलट फिरावे लागते, नाही तर फूटपाथवर उभे राहून मोबाइलवर तिकीट काढावे लागते. आम्ही दुसरा मार्ग धरला. भोवती आमच्यासारखीच फसगत झालेली शंभरएक माणसे त्याच कामाला लागलेली असल्यामुळे पैसे भरण्याचे पान पुन्हा पुन्हा अडकत होते, आणि एकदा तर पैसे खात्यातून गेले तरी तिकिटाचा क्यूआर कोड बराच वेळ उमटला नाही. मामा तेवढा वेळ कठड्याला टेकून शांतपणे शेंगदाणे खात होते. त्यांना आपले तिकीट लागतच नाही, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तिकीट आदल्या रात्री राहत्या ठिकाणीच काढावे आणि क्यूआर कोडचे चित्र मोबाइलमध्ये साठवून ठेवावे.

आता गेटांविषयी. ज्या परिसराला रिक्षावाले अजूनही प्रगती मैदान म्हणतात, तो सुमारे १२३ एकरांचा आहे, आणि त्याच्या कोणत्या बाजूला तुम्ही उतरता यावर तुमचा पुढचा सबंध दिवस अवलंबून असतो. पश्चिमेला मथुरा रोड आणि दक्षिणेला भैरों मार्ग. मथुरा रोडवरील १० क्रमांकाचे गेट मेट्रोला सर्वांत जवळ आहे. ४ क्रमांकाचे गेट भैरों मार्गावर, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला आहे. आम्हाला आणणाऱ्या वाहनाने भैरों मार्गावर सोडले आणि चालक क्षणभरही थांबला नाही. त्यात त्याची चूक नाही, कारण मेळ्याच्या काळात या दोन्ही रस्त्यांवर गाडी उभी करण्यास मनाई असते आणि थांबलेली गाडी वाहतूक पोलीस उचलून नेतात. आमचा ‘माणूस’ मात्र १० क्रमांकाच्या गेटपाशी होता. तेव्हा कुंपणाच्या बाहेरून, भैरों मार्ग संपवून, कोपरा वळून, मथुरा रोडने वर अशी ती चाल आम्ही चाललो.

या पट्ट्याबद्दल मी कितीही लिहिले तरी कमीच आहे. अंतर तसे फार नाही. रोज सकाळी टेकडी चढणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही. पण हा पट्टा चालण्यासाठी नाहीच. लोखंडी अडथळ्यांमुळे फूटपाथ मध्येच तुटतो आणि रस्त्यावर उतरावे लागते. रस्त्यावर बस, रिक्षा आणि मोटारी एकमेकींना घासून सरकत असतात. समोरून मेळ्यातून परतणारे लोक खुर्च्या, सतरंज्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन अंगावर येतात. शिवाय नोव्हेंबरातील दिल्लीची हवा. दुपारी बारा वाजताही सूर्य राखाडी दिसत होता आणि घसा खवखवत होता. चांगला मास्क प्रत्येकाच्या खिशात हवाच, हे सांगावे लागू नये. एवढे करून १० क्रमांकाच्या गेटशी पोहोचलो तर तो माणूस तिथे नव्हता. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, मेळ्याला कोणत्याही चारचाकीने जाऊ नये, मग ती कोणाचीही असो आणि कितीही आग्रहाने दिलेली असो. निळ्या मार्गिकेच्या मेट्रोने यावे, सुप्रीम कोर्ट स्थानकावर उतरावे आणि १० क्रमांकाच्या गेटने आत जावे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाकडून येणाऱ्यांनी पिवळ्या मार्गिकेने राजीव चौकाला येऊन तिथे गाडी बदलावी. तेथून बाराखंबा रोड, मंडी हाउस आणि मग सुप्रीम कोर्ट. या स्थानकाचे पूर्वीचे नाव प्रगती मैदान असे होते, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून त्या नावाची पाटी शोधत बसू नये.

आत शिरल्यावर मात्र राग निवळतो, हे मान्य केले पाहिजे. तपासणीची रांग लांब असली तरी भराभर सरकते. पिशवीत लायटर, चाकू किंवा बॅटऱ्यांचा गुंता ठेवू नये, म्हणजे ती उघडायला लावत नाहीत. प्रगती मैदानाचे प्रदर्शन-संकुल १९७२ सालचे. त्या वेळी वास्तुविशारद राज रेवल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांनी उभारलेले काँक्रीटचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे दालन एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आले आणि त्यानंतरच्या पुनर्विकासातून २६ जुलै २०२३ रोजी उद्घाटन झालेले हे नवे संकुल उभे राहिले. नव्या दालनांत खांबांचा अडथळा नाही, छत उंच आहे, स्वच्छतागृहे स्वच्छ आहेत. जुने दालन मी छायाचित्रांतच पाहिले आहे. तरीही ते राखून नवे बांधता आले नसते का, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर पडतोच.

मुख्य इमारतीतील बहुउद्देशीय सभागृह आणि मोठे सभागृह मिळून सात हजार माणसे बसतात आणि ही क्षमता सिडनीच्या ऑपेरा हाउसपेक्षा मोठी आहे, हे तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेलच. मेळ्याच्या तिकिटावर आलेल्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण आम्हाला त्या इमारतीच्या काचेपर्यंतच जाता आले. तिच्यासमोरील नटराज मात्र अजिबात चुकवू नये. सत्तावीस फूट उंचीची आणि सुमारे अठरा टन वजनाची ही अष्टधातूची मूर्ती तामिळनाडूतील स्वामीमलै येथे मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचा साचा चढवून ओतण्याच्या परंपरागत पद्धतीने घडवलेली आहे आणि तेथून ती रस्त्याने दिल्लीला आणली गेली. समोरून सगळेच छायाचित्रे काढतात. थोडे बाजूला जाऊन नटराजाच्या पायाखालच्या अपस्मार नावाच्या बुटक्या असुराकडे पाहावे. त्याची मान वर वळलेली आहे, आणि एवढ्या वजनाखाली चिरडलेला असूनही त्याच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा कुतूहलच अधिक दिसते. मामांनी चपला काढून नमस्कार केला आणि मग पंधरा मिनिटे जागचे हलायला नकार दिला.

दालनांबद्दल थोडक्यात सांगतो. सर्व दालने पाहण्याचा प्रयत्न करू नये. ते एका दिवसाचे काम नाही, आणि घरगुती उपकरणे, गाद्या व मालिश करणाऱ्या खुर्च्या विकणाऱ्यांच्या तावडीत सापडलेला माणूस तासभर तरी सुटत नाही. राज्यांची दालने पाहावीत. महाराष्ट्रातून गेलेल्याने महाराष्ट्राच्या दालनात वेळ घालवणे मला पटत नाही. पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल पाहायला दिल्लीपर्यंत कशाला जायचे? ईशान्येकडील राज्यांची वेत-बांबूची कामे आणि हातमागाची वस्त्रे आपल्याकडे सहज पाहायला मिळत नाहीत, म्हणून पाय ताजे असताना आधी तिकडे जावे. विणकर किंवा कारागीर स्वतः गाळ्यावर बसला असेल तर घासाघीस करू नये. मधला व्यापारी असेल तर अर्ध्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. हे कसे ओळखावे? वस्तू कशी केली एवढे विचारावे. कारागीर हात चालवून दाखवतो, व्यापारी किमतीची चिठ्ठी दाखवतो. ज्येष्ठांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आत फिरताना दिसतात, परंतु त्या हात केला की थांबतील या भरवशावर राहू नये. आमच्यासाठी एकही थांबली नाही.

संध्याकाळी खुल्या रंगमंचाकडे वळावे. या संकुलात एकूण तीन हजार प्रेक्षक बसतील असे तीन खुले रंगमंच आहेत आणि मेळ्यात एकेका राज्याचा दिवस ठरवून तिथले लोककलावंत तेथे आपली कला सादर करतात. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी एक ढोलवादक पायरीवर बसून ढोलाच्या कडेची दोरी अंगठ्याने एकेक वेढा करून आवळत होता आणि प्रत्येक वेढ्यानंतर कान लावून बोटाने हलकेच टिचकी मारत होता. पुढे तासभर त्याने जे वाजवले, ते ऐकताना दुपारची सगळी तंगडतोड वसूल झाली असे मला वाटले, आणि त्या क्षणी कोणी विचारले असते तर मी सहलवाल्या गृहस्थांनाही क्षमा केली असती. म्हणून दुपारी लवकर आत जाऊन शेवटपर्यंत थांबावे. संध्याकाळी प्रवेश मेळा संपण्याच्या बऱ्याच आधी बंद होतो, त्यामुळे फक्त कार्यक्रमासाठी उशिरा येऊ म्हणणाऱ्यांना दाराबाहेरच राहावे लागते.

दुसरा दिवस शेजारच्या पुराना किल्ल्यात आणि भैरों मार्गावरील राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात आरामात गेला. चार्ल्स कोरिया यांनी आखलेले हे संग्रहालय सोमवारी बंद असते. त्या दिवसाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

मेळ्यातून परत निघताना मात्र पुन्हा सावध राहावे लागते, कारण लुबाडणूक खरी तिथेच होते. मथुरा रोडवर रिक्षा दिसतात, पण मीटरने येण्यास त्यांतला एकही तयार होत नाही. हजरत निजामुद्दीन स्थानक तेथून पाचएक किलोमीटरवर आहे. जानेवारी २०२३ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला ११ रुपये, म्हणजे सत्तर रुपयांच्या आत भाडे व्हायला हवे. आम्हाला पहिल्याने ३५० सांगितले, दुसऱ्याने ३००, आणि तिसऱ्याने मामांकडे पाहून पुन्हा ३५०. मोबाइलवरून मागवलेली मोटार तिथे थांबू शकत नसल्याने ती दोनदा आमच्यासमोरून निघून गेली आणि मग चालकाने फेरीच रद्द केली.

यावर उपाय मेट्रोचाच आहे. सुप्रीम कोर्ट स्थानकावर संध्याकाळी तिकिटाची आणि तपासणीची अशा दोन रांगा लागतात, त्यांपैकी पहिली स्मार्ट कार्ड असेल तर टळते. म्हणून ते सकाळीच पैसे भरून ठेवावे. निजामुद्दीनहून गाडी असेल तर निळ्या मार्गिकेने मयूर विहार-१ ला जावे आणि तिथे गुलाबी मार्गिका धरावी. पुढचेच स्थानक सराय काले खाँ-निजामुद्दीन आहे. यात यमुना दोनदा ओलांडावी लागते, त्यामुळे नकाशावर हा मार्ग वेडगळ वाटतो, पण रिक्षावाल्याशी वाद घालण्यात जितका वेळ जातो तेवढ्यात माणूस पोहोचलेला असतो. फलाटावर गाडीच्या कपाळावरील पाटी मात्र नीट वाचावी. नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीची गाडी घ्यायची आहे. वैशालीची गाडी यमुना बँकेनंतर दुसऱ्या फाट्याने जाते, आणि तिच्यात चढलेल्याला यमुना बँकेला उतरून मागच्या गाडीची वाट पाहावी लागते. मेट्रोतून उतरल्यावरही रेल्वेच्या फलाटापर्यंत सामान ओढत चालावे लागते, त्यामुळे रेल्वेच्या वेळेआधी किमान दीड तास मेळ्यातून बाहेर पडावे.