तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारच्या अ‍ॅम्पला कोणता व्हॉल्व्ह घालू?

"काका, अ‍ॅम्पचा आवाज लई चिरका यालाय. कुठल्या कंपनीच्या ट्यूब घालू?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्या दुरुस्तीच्या टेबलाशी येतो. तुम्हीही जवळजवळ याच शब्दांत विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

हे वाक्य ज्याच्या तोंडचं आहे तो सोलापूरच्या विजापूर रोडवर राहणारा पॉलिटेक्निकचा मुलगा. गिटारचा आवाज मोठा करणारा पन्नास वॅटचा, स्पीकरसकट एकाच पेटीतला कॉम्बो अ‍ॅम्प रिक्षात घालून आला होता. मोबाइलवर चार कंपन्यांची नावं काढून ठेवली होती, चारही महागडी. त्यातल्या एकावर मी बोट ठेवावं, एवढंच त्याला हवं होतं. मी विचारलं, "चिरका कधी येतो? हळू वाजवताना की जोरात? संध्याकाळी की रात्री?" शेवटचा प्रश्न त्याला कळेना. पण त्याचं निम्मं उत्तर त्याच प्रश्नात होतं. ते पुढे सांगतो.

ट्यूबला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळीला, मी व्हॉल्व्ह म्हणतो, कारण मी हे काम नवी पेठेत मामांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकलो आणि तिथे सगळे व्हॉल्व्हच म्हणत. मामांच्या ड्रॉवरमध्ये बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी८३ आणि ईएल८४ जातीचे व्हॉल्व्ह पुठ्ठ्याच्या डब्यांत रांगेनं लावलेले असत. ही कंपनी १९५४ सालची, सरकारी. त्या डब्यांपैकी काही आजही माझ्याकडे आहेत. मामांचं सगळं कसब आवाज फाटू न देण्यात होतं. रेडिओवर गाणाऱ्याचा आवाज फाटला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं.

गिटारवाल्याला मात्र आवाज फाटलेलाच हवा असतो. ही गोष्ट मला पचायला वर्ष-दीड वर्ष लागलं. कळली ती वडिलांमुळे. ते मागावर कापड विणत. कापड सुताच्या रेषेत फाडलं की एका दमात, सरळ फाटतं; रेषा सोडून ओढलं की दशा लोंबतात. गिटारच्या आवाजाचंही तसंच आहे. फाटलेल्या आवाजातही सूर एकसंध राहिला तर कान सुखावतात, दशा निघाल्या की तो चिरका लागतो. आवाज कुठे फाटायला लागतो, किती लवकर आणि कसा, हे ठरवण्यात व्हॉल्व्हचा मोठा वाटा आहे. काचेवरचं नाव त्यात फार मागे येतं. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे: आधी जागा बघा, मग व्हॉल्व्हची जात, आणि कंपनी सगळ्यात शेवटी.

अ‍ॅम्पच्या मागून डोकावलंत तर लहान आणि मोठे असे दोन प्रकारचे व्हॉल्व्ह दिसतील. लहान व्हॉल्व्ह गिटारचा नाजूक सिग्नल वाढवतात, मोठे स्पीकर हलवण्याची ताकद देतात. लहानांपैकी गिटारची वायर जिथे घुसते त्याच्या अगदी जवळचा, ती पहिली जागा. तिथे सिग्नलला जे होतं ते पुढचे सगळे व्हॉल्व्ह वाढवत नेतात. म्हणून कमी पैशात जास्त फरक ऐकायचा असेल तर पहिला हात तिथे घालायचा.

बहुतेक अ‍ॅम्पमध्ये तिथे १२एएक्स७ असतो. ईसीसी८३ हे त्याचंच युरोपातलं नाव. त्याची वाढवण्याची क्षमता १००. त्याच सॉकेटमध्ये बसणारी त्याची भावंडं आहेत: ५७५१ची क्षमता ७०, १२एटी७ची ६०, १२एवाय७ची ४४, १२एयू७ची साधारण २०. हे आकडे व्हॉल्व्हचे स्वतःचे आहेत. सर्किटमध्ये प्रत्यक्ष वाढ कमी भरते, पण प्रमाण समजतं. व्हॉल्यूम तीनवर नेताच आवाज फाटत असेल आणि तुम्हाला तो पाचपर्यंत स्वच्छ हवा असेल, तर महागडा १२एएक्स७ घेऊन काही होणार नाही. तो कितीही महाग असला तरी १००च राहणार. ५७५१ किंवा १२एवाय७ घाला. माझ्या कानाला पहिल्या जागी १२एटी७ रुक्ष लागतो. १२एयू७ तिथे घातला तर वाजवणाऱ्याला अ‍ॅम्पमध्ये जीवच उरला नाही असं वाटतं.

फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकाच्या शेवटच्या बासमन अ‍ॅम्पमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ होता. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच सर्किटवरून पहिला मार्शल अ‍ॅम्प बांधला गेला, तेव्हा त्या जागी ईसीसी८३ आला. ४४च्या जागी १००. स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरही वेगळे होते, त्यामुळे सगळं श्रेय एका व्हॉल्व्हला देता येत नाही. तरी या दोन अ‍ॅम्पच्या स्वभावात जे अंतर पडलं त्याचा एक धागा या पहिल्या सॉकेटपर्यंत जातो. मला ही गोष्ट फार आवडते. येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ती सांगतो.

लहानांमधला शेवटचा व्हॉल्व्ह सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करून मोठ्या जोडीला वाटून देतो. तिथे ज्या जातीचा आहे त्याच जातीचा ठेवा.

आता मोठे. ६एल६चा खर्ज रुंद, वरचे सूर काचेसारखे स्वच्छ, आणि तो उशिरा फाटतो. ईएल३४ मधले सूर पुढे ढकलतो, लवकर पेटतो. ६व्ही६ त्यांच्यापेक्षा मऊ आणि कमी ताकदीचा. ईएल८४ लहानखुरा, वरच्या सुरांत चमकणारा. हे वाचून लगेच "६एल६ काढून ईएल३४ घालू का?" असं विचारू नका. हीच चूक मी बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या अ‍ॅम्पवर केली आहे. दोन्ही आठ पायांचे, सॉकेटमध्ये छान बसतात. बसले म्हणजे चालले, असं मी धरून चाललो. पण ६एल६चा हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार, ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४चा १.५. जोडीमागे १.२ अँपिअरचं जादा ओझं. ईएल३४ची एक नंबरची पिनही सर्किटला जोडावी लागते, ६एल६ला तिची गरज नसते. अर्ध्या तासाच्या तालमीत ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा वास सुटला. माझ्या खर्चानं वाइंडिंग करून दिलं, पण त्या माणसाचे आठ दिवसांचे कार्यक्रम उसन्या अ‍ॅम्पवर झाले. ते मला अजून लागतं. अ‍ॅम्प बनवणाऱ्यानं दोन्ही चालतील असं स्वतः म्हटलं असेल तरच जात बदला.

जात तीच ठेवली तरी मोठे व्हॉल्व्ह नवीन घातल्यावर बायस बघावा लागतो. बायस म्हणजे गाडीचं आयडलिंग समजा. काही वाजत नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा, ते. ६एल६जीसी या ६एल६च्या प्रकाराची मर्यादा ३० वॅट. तिच्या ७० टक्के, म्हणजे २१ वॅटपर्यंत मी जातो. प्लेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या धातूच्या पत्र्यावर, ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक व्हॉल्व्हला साधारण ४६ मिलीअँपिअर. जास्त ठेवलं तर आतली प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्ह लवकर जातो. फार कमी ठेवलं तर आवाज थंड, किरकिरा लागतो. कित्येकदा "ट्यूब खराब आहेत" म्हणून आलेल्या अ‍ॅम्पला फक्त बायसच हवा असतो. जोडी घेताना मात्र जुळवलेलीच घ्या, दोघांचं करंट सारखं असलेली. आणि हे काम स्वतः करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट थांबलेले असू शकतात. ते माणूस मारतात.

आता त्या मुलाला विचारलेला प्रश्न. मी त्याला माझा मीटर दिला आणि त्याच्या खोलीतल्या बोर्डावर दोन वेळा मोजून आणायला सांगितलं. संध्याकाळी सातला २२० व्होल्ट, रात्री साडेदहाला, आजूबाजूचे यंत्रमाग बंद झाल्यावर, २५१. त्याचा अ‍ॅम्प परदेशी, ट्रान्सफॉर्मरला २२० आणि २४० असे दोन टॅप, म्हणजे वीज जोडायच्या दोन जागा, आणि जोडलेला होता २२०वर. हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, दहा टक्के इकडे-तिकडे चालतात. रात्री त्याच्या हीटरला ७.२ व्होल्ट मिळत होते. प्लेटवरचे ४५० व्होल्ट ५१०च्या आसपास जात होते. व्होल्टेज असं चढलं की अ‍ॅम्प ताठ होतो, वरचे सूर टोचायला लागतात, आणि व्हॉल्व्हचं आयुष्यही घटतं. पोरगा रियाज करायचा रात्री. टॅप २४०वर घेतला तेव्हा तोच आकडा रात्री ६.६ आणि संध्याकाळी ५.८ झाला, दोन्ही मर्यादेत. बायस पुन्हा लावला. सोलापुरात कुणीही मला टोनबद्दल विचारलं की मी आधी बोर्डावरचं व्होल्टेज विचारतो, ते यामुळे.

दुसरी इथली गोष्ट म्हणजे धूळ, आणि मागांच्या भागात हवेत उडणारे सुताचे बारीक तंतू. ते सॉकेटमध्ये बसतात आणि खरखर सुरू होते. कॉन्टॅक्ट क्लीनरनं सॉकेट साफ केल्याशिवाय कुठल्याही व्हॉल्व्हला नावं ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार असतो, तेव्हा अ‍ॅम्पची मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवू नका.

कंपन्यांचं विचारलंत, तर व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आता मोजकेच उरलेत. मुख्य म्हणजे स्लोव्हाकियात जेजे, रशियात सारातोवचा कारखाना आणि काही चीनमध्ये. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स आणि आजचा टुंगसोल ही तिन्ही नावं सारातोवच्याच कारखान्यातून येतात. आत रचना वेगळी असते, आवाजात थोडा फरक पडतोही. चिरक्या अ‍ॅम्पला मी जेजेचा ईसीसी८३ देतो, तो वरचे सूर जरा आवरून धरतो. तरी ५७५१ घातल्यावर जो फरक पडतो, त्यापुढे हा फार थोडा. आणि स्पीकर बदलला तर या सगळ्याहून मोठा फरक पडतो, हे व्हॉल्व्ह घ्यायला आलेल्या माणसाला मी आधीच सांगून टाकतो.

ऐकून ठरवताना एका वेळी एकच व्हॉल्व्ह बदला. गिटार तीच, बटणं तिथेच, वाजवायचंही तेच. मोबाइल एकाच जागी ठेवून रेकॉर्ड करा, कारण अ‍ॅम्प बंद करून व्हॉल्व्ह थंड होईपर्यंत कान पहिला आवाज विसरलेला असतो. नवीन लहान व्हॉल्व्हला चालू अ‍ॅम्पमध्ये पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखं वाजलं तर तो पहिल्या जागी ठेवू नका, मागच्या जागेत तोच निमूट चालू शकतो.

त्या मुलाच्या अ‍ॅम्पचा टॅप बदलल्यावर टोचणं बरंचसं गेलं. थोडं उरलं होतं ते जोरात वाजवतानाचं. पहिल्या जागी आम्ही तीन व्हॉल्व्ह ऐकले: त्याचाच १२एएक्स७, मग १२एवाय७, मग ५७५१. एकच ओळ त्यानं प्रत्येकावर चार-चारदा वाजवली. १२एवाय७वर त्याचा हात जास्त जोर लावायला लागला, ते त्याला आवडलं नाही. ५७५१वर त्यानं मान न उचलता पुढची ओळही वाजवली, आणि त्याच्या पुढचीही. मी मध्ये बोललो नाही.

मोठे दोन्ही व्हॉल्व्ह मोजले, ठणठणीत होते, तेच ठेवले. जाताना तो काढलेला १२एएक्स७ तसाच खिशात घालायला निघाला होता. मी तो मागून घेतला, मामांच्या एका रिकाम्या डबीत ठेवला आणि डबीवर बॉलपेननं लिहून दिलं: जागा पहिली, चांगला आहे.