आमची वाटचाल : नऊशे बारच्या वर

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये पहिली काही वर्षं सिलिंडर बनत नव्हते, फक्त तपासले जात. रिक्षांचे सीएनजी सिलिंडर दर तीन वर्षांनी चाचणीला येत, त्यावर शेडचं भाडं निघे. वॉटर जॅकेटची टाकी, हातपंप, कॅलिब्रेट केलेला गेज आणि काचेचं ब्युरेट (मापाच्या खुणांची उभी नळी) एवढंच भांडवल होतं. सिलिंडर पाण्याने भरून पाण्याच्याच टाकीत बुडवायचा, दाब द्यायचा आणि तो फुगल्यामुळे बाहेर ढकललेलं पाणी ब्युरेटमध्ये मोजायचं. दाब सोडल्यावर जेवढं पाणी परत जात नाही तेवढी त्याची कायमची फुगवट. कंपोझिटला, म्हणजे पातळ लायनरवर (आतल्या भांड्यावर) धागा गुंडाळलेल्या सिलिंडरला, ती एकूण फुगवटीच्या ५ टक्क्यांपुढे गेली की सिलिंडर बाद.

पद्धत सोपी, पण फसवते. टाकीत कुठेतरी चिकटलेला हवेचा एक बुडबुडा चांगला सिलिंडर नापास करतो. मे महिन्यात नळाचं पाणी आणि टाकीतलं पाणी यांच्या तापमानात फरक असला की दाब न देताच ब्युरेट सरकायला लागतं. म्हणून आमच्याकडे सिलिंडर आदल्या संध्याकाळी भरून ठेवतात, आजही. ब्युरेटही तेच आहे. दोनदा तुटलं, दोनदा तसंच घेतलं. डिजिटल घ्या म्हणून विक्रेते येतात. घ्यावं की, पण शेजारी काच असू द्यावी.

कंपोझिटकडे वळलो ते रोह्याच्या एका रसायन कारखान्याच्या फायर ऑफिसर साहेबांमुळे. श्वसन संचाचे, म्हणजे धुरात शिरताना पाठीवर घ्यायच्या हवेचे, सिलिंडर ते आमच्याकडे तपासायला आणत. ६ लिटर, ३०० बार दाबाचा (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब) लोखंडी सिलिंडर सुमारे दहा किलोचा. तो पाठीवर घेऊन माणूस तीन मजले चढला की बरीच हवा चढण्यातच संपते, हे गणित त्यांनी आम्हाला शिकवलं. ॲल्युमिनियमच्या पातळ लायनरवर कार्बन धागा गुंडाळलेला ६.८ लिटरचा सिलिंडर चार किलोच्या आत बसतो. त्यात कागदावर २०४० लिटर हवा मावते. ३०० बारला हवा आदर्श वायूसारखी वागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दहाएक टक्के कमी भरते. मिनिटाला ४० लिटर धरले की ४५ मिनिटं, त्यातही ५५ बारला शिट्टी वाजते तेव्हा माणूस बाहेर निघायला हवा. जे विक्रेते पूर्ण २०४० लिटर छापतात त्यांच्याकडून बाकी काही घेण्याआधीही विचार करावा.

वाइंडिंगचं (धागा गुंडाळायचं) पहिलं मशीन आमच्या तेव्हाच्या भागीदाराने जुन्या लेथच्या सांगाड्यावर उभं केलं. दोन अक्ष, साखळीवर चालणारा कॅरेज, गिअर बदलून कोन बदलायचा. हूपचे, म्हणजे नळकांड्याभोवती आडवे, थर त्यावर छान बसत. हेलिकलला, म्हणजे तिरक्या थराला, मात्र डोमवर (गोल टोकावर) धागा घसरे. कोन आपल्या मनाने ठरवता येत नाही, तो मान ठरवते. १४५ मिमीच्या लायनरला ३४ मिमीची मान असेल तर ३४ भागिले १४५, त्याचा साइन व्यस्त घ्या, सुमारे साडेतेरा अंश. यापेक्षा फार वेगळ्या कोनाने गुंडाळायला गेलात तर धागा आपली वाट स्वतः शोधतो आणि डोमवर भेग सोडतो. पुढे चार अक्षांचं सीएनसी मशीन घेतलं तेव्हा जुन्याचा सांगाडा भंगारात गेला, भागीदारही आपल्या मार्गाने गेले. त्यांची गिअरची वही आमच्याकडे आहे.

एका सिलिंडरला साधारण १.२ किलो कार्बन लागतो. २४ के चा (चोवीस हजार तंतूंचा) धागा, १६५० टेक्स (किलोमीटरला १६५० ग्रॅम), चार बॉबिनमधून प्रत्येकी सुमारे १८० मीटर. बॉबिनमागे ताण तीन किलोच्या आसपास. ताण कमी पडला तर थर सैल बसतात आणि राळ (धागे चिकटवणारं रसायन) जास्त राहते. जास्त झाला तर राळ पिळून निघते, धागा कोरडा राहतो. ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्यामध्ये काचधाग्याचा एक थर हवाच, नाहीतर ओल मिळताच दोघांची बॅटरी बनते आणि लायनर गंजतो. वरून पुन्हा काचधागा, तो मार खायला. राळेचं मिश्रण १०० भाग इपॉक्सी, ८५ भाग अनहायड्राइड हार्डनर, १ भाग ॲक्सिलरेटर. भट्टीत फिरता ठेवून आधी ८० अंशांवर दोन तास, मग १२० वर चार तास. त्यानंतर ऑटोफ्रेटाज: चाचणीच्या ४५० बारच्याही वर दाब नेऊन लायनरला मुद्दाम थोडा कायमचा ताणायचा, म्हणजे दाब उतरल्यावर कार्बन त्याला सतत आवळून धरतो. त्याच आवळण्यावर लायनरचं आयुष्य वाढतं.

आता मुख्य गोष्ट. ज्या वर्षी हे काम बंद पडायच्या बेताला आलं, त्या वर्षाबद्दल बाजारात अजून चुकीचं बोललं जातं, म्हणून आकड्यांसह लिहितो.

आमची बॅच २०० ची. त्यातला एक सिलिंडर तपासनिसासमोर फोडायचा. कार्बनला किमान फुटण्याचा दाब चाचणीच्या दुप्पट, म्हणजे ९०० बार. आमच्या डिझाइनचा हिशोब १०५० चा. जुलैतल्या त्या बॅचचा सिलिंडर ८६१ ला फुटला. गेज तपासला, ठीक होता. त्याच बॅचमधले आणखी दोन फोडले, ८६८ आणि ८७४. बॅच बाद. २४० किलो कार्बन, २०० लायनर, आणि धाग्याचे पैसे बँकेतून सुटायचे बाकी. डिलिव्हरीची तारीख नऊ दिवसांवर.

पहिला संशय हार्डनरवर गेला, आणि तो वाजवीच होता. अनहायड्राइड हवेतली ओल पितो, त्याचं आम्ल होतं, ड्रमच्या तळाशी पांढरे कण दिसतात. पावसाळ्यात ड्रमचं झाकण तासभर उघडं राहिलं तरी पुरे. खरोखरच पाणी मुरत होतं. नमुना प्रयोगशाळेत दिला तर राळेचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर ती मऊ पडते) ११८ च्या जागी ९६ अंश आलं. नवा ड्रम आणला, नायट्रोजनची चादर दिली, खोलीत डीह्युमिडिफायर बसवला. दहा सिलिंडर नव्याने गुंडाळले. पहिला फोडला तो ८७९ ला.

इथे आमची पाच आठवड्यांची चूक झाली. फुटण्याचा दाब हा मुख्यतः धाग्याचा खेळ आहे. राळ बिघडली की ते आधी दाबाच्या आवर्तनांत, आदळण्याच्या चाचणीत, थर सुटण्यात दिसतं. स्थिर दाबाने फोडताना खराब राळ थोडंफार खाते, पावणेदोनशे बार खात नाही. हे आम्हाला माहीत होतं, पण हाताशी एक दोषी सापडला होता, त्याला सोडवत नव्हतं.

मग धागा तपासला. बॉबिनवरून थेट काढलेल्या धाग्याला राळ लावून, सुकवून ओढला तर ४८५० मेगापास्कल, म्हणजे पुरवठादाराच्या कागदाशी जुळणारा. तोच धागा मशीनमधून जाऊन लायनरवर पडण्याच्या जागी कापून ओढला तर ४०५०. क्रील (बॉबिन लावायचा सांगाडा) आणि लायनर यांच्यामध्ये कुठेतरी सहावा हिस्सा गळत होता. राळेच्या तवीत, धागा वळवणाऱ्या शेवटच्या पिनेपाशी, काळा कापूस साचत होता. तो रोज दिसत होता. रोज पुसला जात होता.

मशीनसोबत आलेल्या पिना संपल्यावर आम्ही त्या शेजारच्या गाळ्यात करून घेतल्या होत्या. ईएन-८ पोलाद, वर क्रोम, आरशासारखं पॉलिश. दिसायला मूळ पिनेपेक्षा देखण्या. पण कार्बनला आरसा नको असतो. गुळगुळीत पृष्ठभागावर धागा जास्त चिकटून घासतो, बारीक दाणेदार मॅट क्रोमवर कमी. त्यात थर पातळ होता, कार्बनने तो कापला आणि खालच्या पोलादात केसाएवढी खाच पाडली. नखाने जाणवे, डोळ्याला दिसत नव्हती. प्रत्येक धागा त्या खाचेच्या कडेवरून जाताना थोडे तंतू तोडून जात होता. मॅट हार्ड क्रोमच्या पिना आणि ॲल्युमिना सिरॅमिकचे डोळे (धागा ओवायच्या कड्या) बसवले. पुढचा सिलिंडर १०४३ ला फुटला, मधोमध, नळकांड्यात, जिथे फुटायला हवा तिथे.

याहून बोचणारी गोष्ट नंतर कळली. मागच्या चार बॅचचे आकडे रजिस्टरमध्ये होते : १०३८, १०१५, ९८२, ९४१. चारही ९०० च्या वर, चारही पास, चारांवर सही आणि शिक्का. घसरण समोर लिहिलेली होती आणि आम्ही फक्त शिक्का वाचत होतो. तेव्हापासून फुटण्याचा दाब भिंतीवरच्या आलेख कागदावर ठिपका म्हणून लागतो. ९८० च्या खाली ठिपका गेला की बॅच पास असली तरी मशीन थांबतं, पिना काढून नखाने तपासल्या जातात.

बाद बॅच आम्हीच कापली. थ्रेडमधून करवत फिरवून, म्हणजे कुणी पुन्हा व्हॉल्व्ह बसवून भरू नये. कार्बनची धूळ वीज वाहते हा धडाही त्याच आठवड्यात मिळाला. कापणी मशीनच्या शेजारी झाली आणि सर्व्हो ड्राइव्हचं पॅनेल शॉर्ट झालं. कापणी वेगळ्या खोलीत, व्हॅक्यूम लावून, पॅनेलच्या दारांना गॅस्केट. हे कुणी सांगत नाही.

याच काळात आमच्याच आडव्या रस्त्यावरच्या एका प्रतिस्पर्ध्याने बाजारात पसरवलं की यांचा सिलिंडर फुटला. अहो, फोडण्याच्या चाचणीत प्रत्येकाचाच सिलिंडर फुटतो, त्यांचाही. प्रश्न कितीला फुटला हा असतो. पण खरेदी खात्यातल्या माणसाला हे कोण समजावणार? त्या वर्षीचं मोठं टेंडर त्यांना एल-वन (सर्वांत कमी बोली) म्हणून गेलं. टेंडरमध्ये अटी दोनच : ३०० बार आणि वजन चार किलोच्या आत. फुटण्याचा आकडा, आवर्तनांची संख्या, बाहेरचा काचधागा, यातलं काहीच मागितलेलं नव्हतं. त्यांनी बाहेरचा काचधागा गाळला, वजन आणि किंमत दोन्ही उतरवली. नियमात बसत असेल. पण दोन वर्षांनी त्यांतले काही सिलिंडर तपासणीला आमच्याकडेच आले. ट्रकच्या फाळक्यावर घासून थेट कार्बन उघडा पडलेला, आणि त्यावर काळा रंग मारलेला. रंग खरवडून धागे तुटलेले दाखवले तर ग्राहक आमच्यावरच रागावला.

रोह्याच्या साहेबांनी बाद बॅचनंतरही ऑर्डर काढून घेतली नाही. त्यांनी फक्त तीन कागद मागितले : फोडलेल्या सिलिंडरचा आकडा, फुटण्याच्या जागेचा फोटो आणि पिनेचा फोटो. तारीख दोन महिने पुढे ढकलून दिली. त्यांचे सिलिंडर येत तेही बघण्यासारखे : लाकडी खोक्यात, खाली रबर, प्रत्येकात दहा-पंधरा बार हवा शिल्लक, व्हॉल्व्हला टोपी. पूर्ण रिकामा करून उघडा ठेवलेला सिलिंडर दमट हवा आत घेतो आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. हे त्यांच्या प्रत्येक फायरमनला पाठ होतं.

पुढची वर्षं काम चालत राहिलं. २००४ चे गॅस सिलिंडर नियम जाऊन २०१६ चे आले, नागपूरच्या पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना) कार्यालयात ड्रॉइंगच्या फाइली जात राहिल्या, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

हल्ली विचारणा येते ती प्लास्टिक लायनरच्या टाइप-फोरची. तिथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. नव्या सिलिंडरवर पहिल्यांदा दाब देताना साबणाचे बुडबुडे दिसले की लगेच गळती म्हणू नका. लायनर आणि वेष्टण यांच्यात अडकलेली हवा बाहेर पडते, दाब धरून ठेवा आणि नंतर पुन्हा बघा. आणि भरलेला टाइप-फोर एकदम मोकळा करू नका. प्लास्टिकमधून झिरपलेला वायू लायनरच्या मागे बसलेला असतो, आतला दाब झटकन गेला की तो लायनरला आत ढकलतो. त्याला पडलेली घडी पुन्हा सरळ होत नाही.

श्वसन सिलिंडर वापरणाऱ्यांना : मिनिटाला ३० बारपेक्षा वेगाने भरू नका, सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब कमी निघतो. चाचणीनंतर वाळवताना गरम हवा ६० अंशांच्या वर नको. रंग कधीच मारू नका, चरा असेल तर तसाच आणा. जुना ॲल्युमिनियम सिलिंडर ६३५१ मिश्रधातूचा असेल तर मानेच्या थ्रेडमध्ये आरसा आणि दिवा घालून बघितल्याशिवाय भरू नका, तिथे दाबाखाली हळूहळू भेगा वाढतात. आणि सिलिंडर घेताना वजनाबरोबर मागच्या पाच बॅचचे फुटण्याचे आकडे मागा. एकाच बॅचचा नको, पाचही.

रोह्याला दिलेल्या पहिल्या बारा सिलिंडरची पंधरा वर्षांची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपते. ते बारा इथेच येऊन कापले जातील. साहेब आता निवृत्त आहेत. त्यांनी एक सिलिंडर लांबीने उभा कापून मागितला आहे, थर दिसतील असा. डायमंड ब्लेड मागवलं आहे, पाणी चालू ठेवून कापायचा आहे, कडेला राळ भरून घासायची आहे. खोक्यात खाली रबर घालायला त्यांनी सांगितलंय.