विष बंद केलं, पण काम वाढलं

गोठ्यामागे गव्हाणी घुबड मरून पडलं होतं. अंगावर जखम नाही, फक्त चोचीपाशी रक्त सुकलेलं. आठ दिवसांपूर्वी मीच बांधावरच्या बिळांत ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकल्या होत्या. हे विष रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस गळाठलेला, उघड्यावर फिरत राहतो. घुबडाला आयतीच शिकार, आणि ते उंदीर अख्खा गिळतं, यकृतात साठलेल्या विषासकट. तपासणी कुणी केली नाही, पण मला दुसरं कारण सुचेना.

वडी टाकायची नाही, संपलं, असं वाटलं होतं. पहिल्याच हंगामात बांधालगतच्या दोन ओळींतल्या ओंब्या कातरून गेल्या आणि घरात बोलणी बसली. मग अंगमेहनत सुरू. संध्याकाळी सगळी बिळं बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू; तेवढीच खणायची, तिथेच सापळे लावायचे. खळ्याकडेचा भुसा हलवला तेव्हा कळलं की निम्मी फौज तिथेच होती.

घुबडांसाठी पेटी मात्र हौसेनं केली. हा पक्षी घरटं विणत नाही, अंधारी कोरडी जागा मिळाली की झालं. जोडी आलीही. पण मी भोक पेटीच्या तळालगतच पाडलं होतं. एका सकाळी पेटीखाली पांढऱ्या लवेचं पिल्लू. आईबाप नेतील म्हणून मी हात लावला नाही, रात्रभर लांबून बघत बसलो. खाली पडलेल्या पिलाला ते सहसा भरवत नाहीत, उचलून परत पेटीत ठेवावं लागतं, हे नंतर समजलं. दुसऱ्या सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या.

हंगाम सरल्यावर, पेटी रिकामी झाल्यावर नवी केली. तळापासून भोकापर्यंत ४५ सेंटिमीटर उंची ठेवली. पुढच्या विणीला चार पिल्लं, चारही वेगवेगळ्या मापांची. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं दोन-तीन दिवसांच्या अंतरानं बाहेर येतात. भूक लागली की अशी फुसफुसतात की गोठ्यातला गडी साप समजून काठी घेऊन आला होता.

उंदीर संपले का? नाही. घुबड सगळे उंदीर संपवतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कमी झाले, आणि सापळ्यांचं काम आवाक्यात आलं, एवढं खरं.

अडचण शेजारी होती. घुबड रात्री किती शेतं पालथी घालतं, आणि पलीकडच्या काकांच्या वड्या चालूच. घुबड न पचलेले केस-हाडं गुठळी करून ओकून टाकतं; एकदा पेटीखालची तशी एक गुठळी उचलून त्यांच्यासमोर पाण्यात भिजवली. काळपट लगद्यातून केस, हाडं, मग नारिंगी दातांच्या तीन कवट्या सुट्या झाल्या.

काकांनी एक कवटी बोटावर घेतली. "यातले माझ्या रानातले किती?"

"ते कसं सांगणार, काका?"

वड्यांचं अर्धं पाकीट अजून त्यांच्या माळ्यावर आहे. गेल्या आठवड्यात मात्र सापळे मागायला आले. माझे सहाही लावलेले होते. दोन काढून दिले.