मोतीसाठी दुसरे घर शोधताना

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मावशीने कायमचे पुण्याला लेकीकडे जायचे ठरवले, तेव्हा सांगलीतल्या घराचे आणि भांड्याकुंड्यांचे काय करायचे हे झटपट ठरले. मोतीचे मात्र ठरेना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. ते पाणी ओसरल्यावर घर धुवायला परतलेल्या मावशीला जिन्याखाली हे गावठी पिल्लू सापडले आणि तेव्हापासून ते तिच्याकडेच वाढले. लेकीच्या घरी तान्हे बाळ, तर विश्रामबागेत आमच्या घरी वडिलांना दमा. एका नातेवाइकांनी ‘नदीपलीकडे सोडून या, जगेल कसाही’ असे सुचवले. पण पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे कळल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मग कुपवाडच्या बाजूला एक धर्मादाय संस्था चालवत असलेल्या निवाऱ्यात मी मोतीला घेऊन गेले.

मोतीला आत घेण्याऐवजी तिथल्या व्यवस्थापक ताईंनी आम्हाला फाटकाजवळच्या बाकावर बसवले. “ठेवून घ्यायला ना नाही ओ ताई, पण आधी त्याची सगळी माहिती सांगा की, मग बघू,” असे म्हणून त्यांनी पाठपोट छापलेला एक अर्ज पुढे केला. जेवताना ताटलीला हात लावला तर गुरगुरतो का, फटाक्यांच्या आवाजाने कुठे लपतो, मांजर दिसल्यावर काय करतो, गेल्या दहा दिवसांत कोणाला चावला आहे का, असे प्रश्न त्यात होते. चावलेल्या कुत्र्याला रेबीज आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते, म्हणून तो शेवटचा प्रश्न. खाण्याच्या रकान्यात मी ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी लिहिल्यावर त्यांनी लगेच विचारले, “बेदाणे देता का?” तासगावचा बेदाणा आपल्याकडे घरोघरी डब्यात असतो आणि मुले तो सहज कुत्र्यापुढे टाकतात, द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

एवढी चौकशी म्हणजे टाळाटाळ आहे, असे बाहेरच्याला वाटू शकते. आतली व्यवस्था पाहिली की त्यामागचा हिशेब कळतो. प्रत्येक दाराशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची पसरट ट्रे होती आणि गमबूट त्यात बुडवल्याशिवाय कोणालाही पुढे जाऊ देत नव्हते, कारण पिल्लांना मारणारा पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. झाडलोट करणारे काका आधी पिल्लांकडे, मग धडधाकट कुत्र्यांकडे आणि सर्वांत शेवटी आजारी कुत्र्यांकडे जातात. हा क्रम उलटा झाला तर संसर्ग त्यांच्याच बुटांवरून सगळीकडे पोहोचेल. नव्याने आलेले जनावर काही दिवस वेगळे ठेवावे लागते आणि त्या वेगळ्या खोल्या मोजक्याच आहेत. धडधाकट मोती तिथे राहिला असता, तर गाडीखाली सापडलेल्या एखाद्या कुत्र्याची जागा अडली असती. शिवाय घरात वाढलेले कुत्रे अशा कलकलाटात अन्न सोडते, असे ताईंचे म्हणणे. म्हणून शक्य असेल तिथे संस्था प्राण्याला निवाऱ्यात न आणता एका घरातून थेट दुसऱ्या घरी पाठवते. मावशीच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू तोवर मोतीला सांभाळायला तयार झाले आणि रोज सकाळी त्याला फिरवायचे काम माझ्याकडे आले.

लसीकरणाच्या कार्डावर रेबीजची नोंद दर वर्षी होती. डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या संयुक्त लसीची मात्र बरीच वर्षे नव्हती. लेप्टो उंदरांच्या मूत्रातून पुराच्या पाण्यात पसरतो आणि माणसालाही होतो, त्यामुळे नदीकाठच्या कुत्र्यांसाठी संस्थेचे डॉक्टर या लसीचा आग्रह धरतात. मोतीचे वय पाहून त्यांनी आधी रक्त तपासले आणि मगच निर्बीजीकरण केले. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी आला आणि रीतसर पावतीही मिळाली. महापालिकांकडून होणारे भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि हे काम यांत लोक नेहमी गल्लत करतात. त्या कुत्र्यांना २०२३ च्या नियमांनुसार शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर कानाला खूण करून सहसा जिथून उचलले तिथेच परत सोडतात. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते आणि संस्था फक्त मदत करते.

मोतीसाठी पहिली विचारणा बुधगावच्या एका शेतकऱ्याकडून आली. माणूस भला होता, पण त्याला द्राक्षबागेच्या राखणीसाठी रात्रंदिवस साखळीला बांधलेला कुत्रा हवा होता. ताईंनी नम्रपणे नकार दिला. मला तेव्हा तो ताठरपणा वाटला होता, कारण मावशीचा रोज फोन येई आणि भाडेकरूंनाही मुलांच्या परीक्षेची चिंता होती. आज तो नकार योग्यच होता असे वाटते.

पुढे मिरजेच्या एका निवृत्त दांपत्याने चौकशी केली. संस्थेचा कार्यकर्ता त्यांचे घर पाहून आला. फाटकाखालून कुत्रा निसटेल एवढी फट होती, ती फळी ठोकून बुजवल्यावरच पुढची बोलणी झाली. गावाला जाताना कुत्र्याला कोण पाहणार, हे त्यांच्याकडून लिहून घेतले. करारनाम्यातल्या अटी मोजक्याच होत्या: दर वर्षी लस द्यायची, कायम बांधून ठेवायचे नाही, आणि सांभाळणे अशक्य झाले तर परस्पर दुसऱ्याला न देता संस्थेला कळवायचे. सुरुवातीचे काही आठवडे हे सारे तात्पुरते होते. त्या काळात संस्थेतून त्यांना फोन जात आणि मोतीने पहिल्या रात्री भाकरीला तोंड लावले नाही, हे मला त्या फोनमधूनच कळले. ताकाचे प्रमाण वाढवा, असे मावशीने पुण्याहून कळवले आणि तो उपाय चालला.

मुदत संपल्यावर लसीच्या कार्डावर नव्या मालकांचे नाव चढले. मावशीला त्याला भेटायची फार इच्छा आहे, परंतु तो तिथे पुरता रुळेपर्यंत तिने जाऊ नये, असे ताईंनी स्पष्ट सांगितले आहे. तूर्त ती फोनवर त्याचे फोटो मागवते आणि तो वाळला आहे अशी तक्रार करते.